गुणांची आणेवारी

महाड तालुक्यातील वरंध गावाच्या शिवारात ओढ्याकाठची भातखाचरे आणि घाटाच्या पायथ्याशी चढत गेलेली वरकस जमीन ही एकाच गावनकाशात, एकाच तलाठ्याच्या दप्तरात नांदतात. परंतु त्या दोहोंवर एकाच दराने सारा आकारणे हा उघड अन्याय झाला असता, हे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज महसूल अधिकाऱ्यांनाही उमगले होते. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी मोजणी आणि प्रतबंदी आरंभिली, तिच्यात मातीची खोली, तिचा पोत आणि तिच्यातील दोष पाहून जमिनीच्या प्रती सोळा आण्यांपासून खाली दोन आण्यांपर्यंत उतरत आणल्या जात. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली आणि कोकणात भात, बागायत व वरकस अशा निराळ्या वर्गवारीने तिची अंमलबजावणी झाली. तुलना होऊ न शकणाऱ्या दोन वस्तूंना तुलनीय करावयाचे, त्यासाठी एक माप कल्पावयाचे आणि त्या मापाने निघालेला आकडा दोघांनाही बंधनकारक करावयाचा, हा राज्यकारभाराचा फार जुना व्यवहार आहे. त्या प्रतबंदीत चुका होत्या, रयतेवर जुलूमही झाले. तथापि तिचा एक गुण नाकारता येत नाही. कोणत्या नंबराला काय आकार बसला हे गावच्या दप्तरात लिहिलेले असे, आणि ज्या मातीवरून तो बसला ती माती रयतेच्या डोळ्यांसमोर असे.

त्याच वरंधच्या, त्याच महाड-पोलादपूरच्या मुलांची आज जी प्रतबंदी होते, तिच्याविषयी मला लिहावयाचे आहे. बारावी विज्ञानाच्या वर्षी या मुलांच्या हाती दोन कागद पडतात: एक राज्य मंडळाचे गुणपत्रक, दुसरा राज्य सामाईक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल. अभियांत्रिकीच्या वाटेवर पहिल्या कागदाचे काम आता पात्रतेच्या उंबऱ्यापुरते उरले आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गात ४० टक्के, एवढे पडले की त्याची गरज सरली. पुढचे सारे दुसऱ्या कागदावर अवलंबून. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, म्हणजे महाडपासून एसटीने सहज जाता येईल अशा ठिकाणी, हव्या त्या शाखेला प्रवेश मिळतो की त्या मुलाला घर सोडून दूरच्या महाविद्यालयाची फी आणि खोलीभाडे भरावे लागते, हा प्रश्न त्या कागदावरील एका संख्येने सुटतो. ती संख्या म्हणजे मुलाला पडलेले गुण नव्हेत. गुणांवर एक क्रिया करून काढलेले ते पर्सेंटाइल आहे, आणि ती क्रिया म्हणजेच आजची आणेवारी.

ही क्रिया करण्याची गरज का पडली, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कारण ती मुलांच्या स्वभावातून किंवा विषयांच्या स्वरूपातून उद्भवलेली नाही. २०१८ पर्यंत ही परीक्षा कागदावर, एकाच दिवशी, सर्वांना एकच अभ्यासक्रम आणि एकाच काठिण्याचा पेपर अशा रीतीने होत असे. २०१९ पासून ती संगणकावर होऊ लागली. लाखो परीक्षार्थींना एका वेळी बसवता येतील इतके संगणक राज्यात कोठेच एकत्र नाहीत. म्हणून दिवसाला दोन सत्रे, आणि अशी अनेक दिवसांची सत्रमालिका लावणे भाग पडले, आणि प्रत्येक सत्राला वेगळी प्रश्नपत्रिका आली. प्रश्नपत्रिका वेगळी म्हटल्यावर काठिण्य वेगळे, आणि काठिण्य वेगळे म्हटल्यावर कच्च्या गुणांची थेट तुलना अशक्य. म्हणजे जी विषमता मुळात नव्हती ती प्रशासनाच्या सोयीने निर्माण केली, आणि मग तिचे निवारण करण्यासाठी नॉर्मलायझेशन, म्हणजे समानीकरण, आणावे लागले. याच मुलांच्या वर्गात शेजारच्या बाकावर बसणारी, वैद्यकीयकडे जाऊ इच्छिणारी मुलगी नीटची परीक्षा देते. ती देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी, कागदावर होते, आणि तिचा क्रमांक तिला ७२० पैकी पडलेल्या गुणांवरूनच लागतो. एकाच फळ्यावर दोन वर्षे भौतिकशास्त्र शिकलेल्या दोन मुलांपैकी एकाचे गुण गुण राहतात आणि दुसऱ्याचे पर्सेंटाइल होतात, याला शिक्षणशास्त्रीय कारण काहीही नाही.

समानीकरणाचे सूत्र साधे आहे आणि ते सांगण्यात कोणतीही अडचण नसावी. एका सत्रात जितके विद्यार्थी बसले, त्यांपैकी किती जणांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण पडले ते मोजावयाचे, त्याला सत्रातील एकूण संख्येने भागावयाचे आणि शंभराने गुणावयाचे. जो सत्रात पहिला आला त्याला शंभर, मग त्याला दोनशेपैकी एकशे नव्वद पडलेले असोत की एकशे साठ. नंतर सर्व सत्रांची पर्सेंटाइले एका यादीत मिसळून गुणवत्ता यादी लागते. या सूत्राच्या पोटात एक गृहीतक आहे: कोणत्याही दोन सत्रांतील मुले एकंदरीने सारख्याच कुवतीची आहेत. सकाळच्या सत्रातील दहा हजारावा आणि संध्याकाळच्या सत्रातील दहा हजारावा हे तुल्यबळ आहेत असे मानल्याखेरीज हे गणित एक पाऊलही पुढे जात नाही.

हे गृहीतक सरसकट खोटे आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सत्रांचे वाटप खरोखरच यदृच्छेने, जिल्हा, माध्यम वा अर्ज भरल्याची तारीख यांचा कोणताही धागा न ठेवता झाले असेल आणि सत्रात वीस-पंचवीस हजार मुले असतील, तर मोठ्या संख्येच्या नियमाने दोन सत्रे पुष्कळशी सारखी भरतात. 'माझे सत्र कठीण होते, म्हणून मी बुडालो' ही दर वर्षी ऐकू येणारी तक्रार पुष्कळ वेळा या कारणाने टिकत नाही; सत्र कठीण असेल तर ते सर्वांनाच कठीण असते आणि पर्सेंटाइल ती तफावत शोषून घेते. उलट, समानीकरण अजिबात नको, कच्चे गुणच घ्या, ही मागणी मान्य केली तर ज्याच्या वाट्याला कठीण पेपर आला त्याच्यावर धडधडीत अन्याय होईल. म्हणून समानीकरण असावे की नसावे हा माझा प्रश्नच नाही. कोणत्या रोगावर ते औषध आहे आणि कोणत्या नाही, हा विवेक मात्र राखला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये संजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग या खटल्यात हाच विवेक केला होता: निरनिराळे ऐच्छिक विषय घेतलेल्या उमेदवारांच्या तुलनेसाठी जे स्केलिंग वापरतात, ते एकाच सक्तीच्या विषयाच्या उत्तरपत्रिका वेगवेगळ्या परीक्षकांनी तपासल्यामुळे पडणारा फरक मिटवण्यासाठी वापरू नये, कारण दोन्हीकडे अडचण निराळी आहे.

आता जेथे हे सूत्र आपल्या मर्यादेबाहेर जाते ते स्थळ दाखवतो. निकालपत्रावर पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापलेले असते. एका सत्रात २७,००० मुले बसली आणि त्यात एक मुलगा दुसरा आला, तर त्याचे पर्सेंटाइल ९९.९९६२९६३ येते. दुसऱ्या सत्रात २५,००० मुले बसली आणि तेथेही एक मुलगी दुसरी आली, तर तिचे ९९.९९६०००० येते. दोघांनीही आपापल्या सत्रात एकच गोष्ट साधली आहे, एक सोडून सर्वांना मागे टाकले आहे. पण गुणवत्ता यादीत मुलगा वर आणि मुलगी खाली. या उच्चनीचतेचे कारण दोघांच्या ज्ञानात नाही, त्यांच्या परिश्रमात नाही. मुलाच्या सत्रात दोन हजार मुले अधिक बसली होती एवढेच ते कारण आहे. २७,००० च्या सत्रात एका विद्यार्थ्याचे वजन ०.००३७ इतके असते. म्हणजे तिसऱ्या दशांशस्थळालाच आपण एकट्यादुकट्या माणसावर येऊन ठेपलो, आणि पुढची स्थळे ही भागाकाराची उरलेली बाकी आहे. त्या बाकीवर आपण मुलांना क्रमांक देतो. शिखरावरची ही उदाहरणे थोड्या मुलांची म्हणून सोडून दिली तरी यादीच्या मधल्या भागात, जेथे वरंध-पोलादपूरची बहुसंख्य मुले असतात, तेथे दुसरी अडचण उभी राहते. २०२५ मध्ये भौतिक-रसायन-गणित गटाची परीक्षा सुमारे ४ लाख २२ हजार मुलांनी दिली. त्या हिशेबाने एक पर्सेंटाइल म्हणजे सव्वाचार हजारांच्या आसपास मुले. मधल्या भागात पुष्कळ मुलांचे गुण एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे गणिताचा दोन गुणांचा एक प्रश्न सुटला वा हुकला की शेकडो, कधी हजारो क्रमांकांचे अंतर पडते. आणि हा प्रश्न जर सदोष असेल, तर ते अंतर कशाचे द्योतक मानावे?

सदोष प्रश्न ही काल्पनिक भीती नाही. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या पेपरात २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या आणि त्या सत्रातील सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेस बसावे लागले. फेरपरीक्षा घेण्याचा निर्णय योग्यच होता. परंतु ज्या मुलाने मनाची तयारी करून एकदा परीक्षा दिली आणि आठवड्याने पुन्हा दिली, त्याचा गट आता इतर गटांसारखाच राहिला का? काहींना आठवडाभर अधिक अभ्यास मिळाला, काहींची उमेद खचली, काही कदाचित आलेच नाहीत. सूत्राला हे काहीच दिसत नाही. ते सत्रातील डोकी मोजते आणि भागाकार करते.

काही वर्षांपूर्वी निकालाच्या दिवसांत एक गृहस्थ माझ्याकडे दोन कागद घेऊन आले होते. घाटाखालच्या वाडीतले, स्वतः बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर, दोन एकर भात आणि थोडे वरकस. मुलगी त्यांच्यामागे दारात उभी. त्यांनी बारावीचे गुणपत्रक आधी पुढे केले, त्यावर बोट ठेवून विषयवार गुण मला वाचून दाखवले, जणू ते मी ऐकलेच पाहिजेत, मग सेतू केंद्रातून छापून आणलेला दुसरा कागद टेबलावर सरळ करीत म्हणाले, "सर, ह्यात गणिताला शंभरातले किती पडले ते कुठं लिहिलंय?" मी म्हणालो, ते यात नसते. ते थोडा वेळ तो कागद पाहत राहिले. "मग हे आकडे कुणाचे? तिचेच ना?" मुलीने दारातूनच सांगितले, "बाबा, ते बाकीच्यांवरून काढतात." तिला सूत्र ठाऊक होते. प्रश्नांना दिलेली स्वतःची उत्तरे आणि उत्तरतालिका संकेतस्थळावर पाहून तिने आपले गुणही मोजून ठेवले होते. तिला जे ठाऊक नव्हते, आणि मलाही सांगता येत नव्हते, ते हे की तिच्या सत्रात किती मुले बसली होती, तितकेच गुण आणखी किती जणांना पडले होते, आणि सदोष ठरून वगळलेल्या प्रश्नांचे गुण तिच्या सत्रात कसे वाटले गेले. म्हणजे आपल्या पर्सेंटाइलचा पडताळा घेण्यास ज्या दोन-तीन संख्या लागतात नेमक्या त्याच तिच्यापाशी नव्हत्या. तिच्या वडिलांच्या प्रश्नात कोणताही अडाणीपणा नव्हता. ज्या आकड्याने आपल्या मुलीचा प्रवेश ठरणार तो कोणत्या मूळ आकड्यातून निघाला हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि तो प्रश्न विचारणारा माणूस सातबाऱ्यावर आपले क्षेत्र आणि आकार स्वतः वाचून पाहणारा होता.

या मागणीला प्रतिवाद आहे आणि तो हलका नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग विरुद्ध अंगेश कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, परीक्षेचे कच्चे गुण आणि मूल्यमापनाचा तपशील उघड करण्याचा आदेश यांत्रिकपणे देता येणार नाही. पारदर्शकतेच्या मागणीबरोबर गोपनीयतेचा आणि परीक्षायंत्रणेच्या सुरळीतपणाचाही विचार झाला पाहिजे. माणसाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या बाबतीत या भूमिकेत तथ्य आहे. परीक्षकाची ओळख, त्याच्या निर्णयावर येणारा दबाव, अंतहीन फेरतपासणी या अडचणी खऱ्या आहेत. परंतु सीईटीत परीक्षक कोठे आहे? चार पर्यायांतला एक निवडावयाचा, संगणकाने तो उत्तरतालिकेशी ताडून पाहावयाचा. तालिका तर आधीच प्रसिद्ध होते आणि तिच्यावर शुल्क भरून हरकतीही घेता येतात. म्हणजे गोपनीय राखावे असे जे होते ते आपण यापूर्वीच उघड केले, आणि उघड करण्यास ज्याची काहीच हरकत नव्हती ते सत्रवार गुणविभाजन मात्र दप्तरात ठेवले. २०२४ च्या निकालानंतर सर्वांचे कच्चे गुण जाहीर करा अशी मागणी राज्यात मोठ्याने झाली होती. तिच्यामागे राजकारण होते म्हणून ती मागणी चुकीची ठरत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात बारावीच्या विषयांचे स्केलिंग आपल्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे आहे; ज्या विषयाला बसणारी मुले इतर विषयांत प्रबळ असतात, तो विषय वर चढतो, म्हणून तेथे लॅटिन आणि वरच्या पातळीचे गणित यांचे गुण वाढतात व काही सोप्या समजल्या जाणाऱ्या विषयांचे घटतात. पण प्रत्येक विषयाचे किती गुण चढले वा उतरले याचा तक्ता तेथे दर वर्षी प्रसिद्ध होतो, आणि कोणत्याही मुलाला तो वाचून आपला हिशेब लावता येतो. जटिल गणित उघड असू शकते, हे त्यावरून दिसते.

अशा आकड्यांच्या मागे केवळ गणित नसते, मूल्यांचा निर्णयही असतो, हे लक्षात आणून देणे मला अगत्याचे वाटते. १८५४ मध्ये मेकॉलेच्या समितीने सनदी नोकरीच्या परीक्षेचा जो आराखडा केला त्यात ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, गणिताला १,००० आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५ गुण ठेवले होते. हिंदुस्थानावर राज्य करू पाहणाऱ्या तरुणाला हिंदुस्थानच्या भाषेपेक्षा ग्रीक दुप्पट मोलाची, असे त्या तक्त्याने निःसंदिग्धपणे सांगितले. आणि ते छापून सांगितल्यामुळेच त्याच्यावर वाद घालता आला. याच महाड तालुक्यातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि पुढे आयसीएसच्या परीक्षेतही ते पहिले आले. त्या काळच्या परीक्षा न्याय्य होत्या असे मी म्हणत नाही; किती जणांना त्या परीक्षेच्या दारापर्यंतही पोहोचता येत नव्हते, हे ज्या महाडात १९२७ मध्ये पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला त्या महाडात राहणाऱ्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. पण पहिला आलेल्या मुलाला आपण कशाने पहिले आलो हे त्या परीक्षांत ठाऊक असे. आजच्या सीईटीत गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि भौतिक व रसायनाच्या प्रश्नाला एक, अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के, हेही असेच मूल्यनिर्णय आहेत. ते योग्य असतीलही. मात्र बारावीच्या लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेला शून्य वजन, हा जो सर्वांत मोठा मूल्यनिर्णय आपण करून बसलो आहोत, त्याची चर्चा आता कोणी करीत नाही.

ते वजन नेहमी शून्य नव्हते. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्याने अभियांत्रिकीसाठी आपली परीक्षा बाजूला ठेवून जेईई मेनचा आधार घेतला होता आणि बारावीला निम्मे वजन दिले होते. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. देशपातळीवरही २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के वाटा होता. तेव्हाचे समानीकरण असे की विद्यार्थ्याचे आपल्या मंडळातील पर्सेंटाइल काढावयाचे, त्या पर्सेंटाइलला जेईईत किती गुण पडतात ते पाहावयाचे, आणि त्यात त्याच्याच मंडळाच्या मुलांनी जेईईत काय केले तेही मिसळावयाचे. याचा परिणाम असा झाला की महाडच्या मुलाने रसायनशास्त्रात मिळवलेल्या गुणांचे मोल, महाराष्ट्र मंडळाच्या इतर मुलांनी जेईई कशी दिली यावर ठरू लागले. ज्यांनी कधी त्याचे तोंडही पाहिले नाही अशांच्या कामगिरीने त्याची प्रत वर-खाली होई. ती पद्धत गेली हे बरे झाले. पण तिच्याबरोबर बारावीही गेली, आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातील दोन वर्षांचे अध्यापन निराधार झाले. प्रयोगशाळेत टायट्रेशन करावयाचे कशाला, मराठी वा इंग्रजीचा निबंध लिहावयाचा कशाला, असे विचारणाऱ्या मुलाला शिक्षकाने काय उत्तर द्यावे? ज्यांना परवडते ते शहरातल्या क्लासकडे जातात आणि महाविद्यालयात केवळ नाव ठेवतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी जे महाविद्यालय एकमेव आधार होते, तेच या व्यवस्थेने निरर्थक ठरवले. प्रात्यक्षिकाचे गुण हात सैल सोडून दिले जातात, हा आक्षेप खरा आहे. परंतु माप सैल आहे म्हणून मापणेच सोडावे, हा न्याय इतर कोणत्याही खात्यात चालला नसता.

सूत्र बदलण्याचे काम नाजूक आहे हे मी जाणतो. केरळात २०२५ मध्ये बारावी आणि प्रवेशपरीक्षा यांच्या समानीकरणाचे सूत्र राज्य मंडळाच्या मुलांचे नुकसान टाळण्याच्या हेतूने निकालाच्या तोंडावर बदलण्यात आले. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि जुन्या सूत्राने नवी यादी लावावी लागली, ज्यात कित्येक राज्य मंडळाच्या मुलांचे क्रमांक घसरले. हेतू चांगला असूनही वेळ चुकली की तो हेतूच मुलांच्या मुळावर येतो. आपल्याकडेही अकरावी प्रवेशाच्या बाबतीत २००८ चे पर्सेंटाइल सूत्र आणि २००९ चा नव्वद-दहाचा कोटा हे दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०२१ साली तर दहावी-बारावीची परीक्षाच झाली नाही. बारावीचा निकाल दहावी, अकरावी आणि अंतर्गत मूल्यमापन यांच्या ३०:३०:४० या मिश्रणाने लावला गेला आणि ९९.६३ टक्के मुले उत्तीर्ण झाली. अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला वेगळी सीईटी योजिली होती. त्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले आणि वरंधच्या परिसरातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. उच्च न्यायालयाने ती परीक्षा १० ऑगस्टला रद्द केली. ती झाली असती, तर ज्यांची पुस्तके, दाखले आणि घरे गाळात गेली होती अशा मुलांना इतरांच्या बरोबरीने एका पेपराला बसवून कोणत्या सूत्राने त्यांची तुलना करता आली असती? सत्रांतील फरक सूत्राला कळतो. आयुष्यातील फरक त्याला कळत नाही, आणि तो कळावा अशी अपेक्षा करणे हा सूत्रावरही अन्याय आहे.

हे स्पष्टपणे म्हणण्याचे कारण असे की, ग्रामीण मुलांच्या कळवळ्याने बोलणारे काही जण समानीकरणातूनच सामाजिक न्याय साधावा असे सुचवतात. मला ते मान्य नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हाती येणे, गणिताच्या शिक्षकाची जागा वर्ष-वर्ष रिकामी राहणे, पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीस बंद झाल्यावर भोर-पुण्याचा मार्गच तुटणे, या तफावती भागाकारात गुपचूप मिसळून भरून निघणार नाहीत. आणि मिसळल्याच तर ज्याला दोन गुण वाढवून मिळाले त्याच्याकडे आयुष्यभर संशयाने पाहिले जाईल. वैद्यकीय प्रवेशात डोंगरी भागासाठी काही जागा वेगळ्या राखतात. दाखला द्या, जागा घ्या, असा तो उघड व्यवहार आहे आणि त्याचे समर्थन किंवा खंडन भरसभेत करता येते. न्याय करावयाचा तर असा नाव घेऊन करावा, आणि मोजमाप करावयाचे तर ते केवळ मोजमाप म्हणून चोख करावे. या दोहोंची गल्लत झाली की न न्याय राहतो, न माप.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. निकालपत्रावर विषयवार कच्चे गुण छापावेत. सत्रात किती बसले आणि प्रत्येक गुणसंख्येला किती जण होते याचा सत्रवार तक्ता प्रसिद्ध करावा. सत्रांचे वाटप कोणत्या रीतीने झाले आणि वगळलेल्या प्रश्नांचे काय केले हे त्याच तक्त्याखाली लिहावे. आणि सूत्र, वजने व बरोबरी सोडवण्याचा क्रम अर्ज भरण्यापूर्वीच्या माहितीपुस्तिकेत कायम करून निकालापर्यंत त्याला हात लावू नये. दुसरे, जे परीक्षेला खरोखर सांगता येत नाही ते सांगण्याचा आव तिने आणू नये. पर्सेंटाइल दोन दशांश स्थळांवर थांबवावे. ४ लाख २२ हजार मुलांत तसे केले तर एकेका पायरीवर सरासरी बेचाळीस मुले येतील. त्यांच्यात वर-खाली ठरवण्यासाठी बारावीच्या गुणांचे त्या-त्या मंडळातील पर्सेंटाइल घ्यावे. याने सीईटीचे प्राधान्य जात नाही. जेथे सीईटीची नजर पोहोचत नाही तेवढ्याच ठिकाणी दोन वर्षांच्या अध्यापनाला आणि प्रयोगशाळेला बोलण्याची संधी मिळते. आणि लोणेऱ्याच्या शेवटच्या जागेसाठी दोन मुले एकाच पायरीवर उभी असतील, तेव्हा त्यांचा निवाडा सत्राच्या हजेरीवर न होता त्यांनी स्वतः लिहिलेल्या उत्तरपत्रिकेवर होतो.

मंडळामंडळांच्या बारावीची तुलना करणे हेही समानीकरणच झाले, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि तेथेही हाच नियम लावावा, की तक्ता आधी आणि क्रमांक नंतर. २०१५ च्या प्रवेश व शुल्क नियमनाच्या कायद्याने सीईटी कक्षाला जो अधिकार दिला आहे त्यात हे सारे बसते, नव्या कायद्याची आवश्यकता नाही. लागणारे आकडे निकालाच्या दिवशी कक्षाच्या संगणकात असतातच. त्यांच्याविना एकही पर्सेंटाइल निघाले नसते.